आठची मॅच

सहा संघ, आठवड्याला तीन मॅची,
कॅमेरा एक.
रेल्वे ग्राउंडवर दिव्यांचे चार खांब, तेही भाड्याचे,
जनरेटर तासाला नऊ लिटर पितो.
म्हणून आठची मॅच एकच. उरलेल्या दोन
दुपारी दोनला आणि साडेतीनला,
भुसावळच्या एप्रिलात.

तक्ता मी करतो.
लोकांना वाटतं चिठ्ठ्या टाकतात,
कुणाला वाटतं गोल मोजतात.
मी बिलाची वही उघडतो.
कुठं किती कनेक्शन, किती थकलेली:
हुडकोत चारशे बारा, सावद्याला तीनशे सत्तर,
तर हुडको विरुद्ध सावदा, रात्री आठ,
मध्यंतरात सरोदे सॅनिटरीवेअर.
झोपेशेठ म्हणतात, "बाल्या,
खेळ काय, कुठंबी चांगलाच असतो.
पाह्यनारं घर कुठं हाये ते पाय."

पालकडचा संघ, सातपुड्याच्या पायथ्याचा.
आमची वायर जिथं संपते
तिथून अठरा किलोमीटर पुढं.
दोन वर्षांत त्यांच्या अकरा मॅची,
अकराही दुपारी दोनच्या.
तक्त्यात मी ऊन कधी लिहिलं नाही.
मी फक्त वेळ लिहिली.

एकदा थकबाकी मागायला जाताना
सायकल कुंपणाला टेकवून पाहिलं त्यांच्या सात नंबरला.
रुबाब तडवी.
सावली त्याच्या बुटाएवढीच, पायाखाली,
आणि हा गडी चेंडू सोडून
जणू तीच राखत निघालेला,
कुणाचा पाय पडू नये तिच्यावर म्हणून
इकडून, तिकडून, तिघांच्या मधून.
गोल.
टाळ्या दोन माणसांच्या
आणि कुल्फीवाल्याची घंटी.

मग त्याचा बाप आला ऑफिसात, सुभान.
रावेरला केळीच्या वखारीत फण्या धुतो,
तुरटीच्या पाण्यानं बोटं पांढरी पडलेली.
तक्रार नव्हती त्याची.
भिंतीवरचा तक्ता बघत म्हणाला,
"आमच्यातही असंच, भाऊ.
डाग नसलेली फणी खोक्यात, जहाजावर.
डागाची हातगाडीवर. गोडी तीच राहते."
एका निवडणाऱ्यानं दुसऱ्याला सांगावं तसं.
चहा घेतला नाही.

बावीस तारखेला तापीच्या पुलावर
केळीचा ट्रक आडवा झाला,
सावद्याची गाडी पलीकडं अडकली.
साडेसात. हुडको मैदानात, दिवे चालू.
शेठ फोनवर: "मागल्या सालची फायनल लाव."
मी पोरगा स्टेशनवर पिटाळला.
पालचे तिथंच होते, दुपारी खेळून
रात्रीच्या पॅसेंजरची वाट पाहत,
जर्सीवर मिठाचे नकाशे वाळलेले.

आले. कुणी कुणी घास चघळतच.
रुबाब मधोमध उभा राहिला, खाली बघत.
चार खांब, चार सावल्या.
एकीला राखणं जमत होतं त्याला.
पहिल्या दहा मिनिटांत दोनदा
त्यानं पास दिला तो सावलीलाच.
हरले. दोन-शून्य.
त्यांच्या गावात कुणी पाहिलं नाही. वायर.

ऑफिसात फोन आले सात.
पाच सावद्याहून: आमची मॅच कुठंय?
एक थकबाकीवाला, चित्र हलतंय म्हणून.
आणि एक म्हातारी बाई, नाव नाही सांगितलं:
"तो सात नंबरचा कवाचा लंगडून राह्यला,
त्याले बसवा ना कोनीतरी."
मी स्क्रीनसमोरच होतो.
मला कोपऱ्यातला स्कोअर नीट दिसत होता.

सोमवारी नवा तक्ता. वही उघडली.
हुडको चारशे अठरा.
आठची जागा भरली, शाईनं.
मग पेन्सिलीनं पालपुढं
दोन खोडून साडेतीन केलं.
दीड तास. तेवढ्यानं सावली
बुटाबाहेर वीतभर येते,
पाण्याची बाटली ठेवण्यापुरती.
झोपेशेठनं सही केली,
फरक त्यांच्या लक्षात आला नाही.